न उघडता येणाऱ्या गोष्टीचं निदान

शनी अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस नेवासा फाट्यावरच्या माझ्या गॅरेजात जळक्या क्लचच्या गाड्या येतात. कारण उघड आहे. घोडेगावहून शनी शिंगणापूरकडे वळणाऱ्या रस्त्यावर त्या दिवशी गाड्यांची रांग लागते. रांग हातभर सरकते, थांबते, पुन्हा सरकते. चालवणारा क्लचवरचा पाय काढतच नाही, अर्ध्या दाबलेल्या क्लचवर गाडी तोलून धरतो. अशा वेळी क्लचप्लेट फ्लायव्हीलला धड चिकटलेली नसते आणि धड सुटलेलीही नसते. घासत राहते, तापत राहते. जुन्या गाडीची प्लेट आधीच झिजलेली असेल तर ती तिथंच संपते. हंगामात भेंड्याच्या नाहीतर सोनईच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे जे अडकतात, त्यांच्या गाड्यांचंही हेच होतं.

पण उसाच्या ट्रॉलीमागे क्लच गेला तर माणूस ट्रॉलीवाल्याच्या नावानं बोटं मोडतो आणि मोकळा होतो. शिंगणापूरच्या रस्त्यावर गेला, तर तोच माणूस माझ्यासमोर खालच्या आवाजात विचारतो, "मिस्तरी, देवाला आलो होतो. काय चुकलं असेल?"

हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेला नाही. मी माळकरी घरातला आहे. वडील दिंडीत चालायचे, मीही कामिका एकादशीला नेवाशात पैस खांबाशी जातो. ज्या खांबाशी बसून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, ज्ञानेश्वरी सांगितली असं आपण मानतो, तो खांब आणि शिंगणापूरचा शनीचा उघडा चौथरा एकाच तालुक्यात आहेत. काय चुकलं असेल, हे विचारणाऱ्या माणसाला वाटत असतं की आपल्या वाट्याला आलेली गोष्ट ही एक खूण आहे आणि त्या खुणेमागे कुणीतरी रागावलेलं आहे. खुणेवरून आतलं ओळखणं हाच माझा धंदा. म्हणून या प्रश्नावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी समजतो.

क्लच दिसत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये, धातूच्या घराच्या आत तो असतो. मारुती ८०० सारख्या गाडीत तो पाहायचा तर पुढचे अ‍ॅक्सल काढून गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एवढं काम उगाच कुणी करत नाही. म्हणून आधी बाहेरून ओळखायचं. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी उचलत नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय. इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना दात खरखरतात, पण इंजिन बंद केलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. गाडी न्यूट्रलला ठेवून पेडल दाबलं की किणकिण सुरू होते आणि सोडलं की थांबते, तर रिलीज बेअरिंग. उलट पेडल सोडलेलं असताना घरघर आहे आणि दाबल्यावर ती जाते, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग. उचलताना गाडी थरथरते, तर प्लेटवर ऑइल आलंय का बघायचं, पण त्याआधी इंजिनाची माउंटिंग हलवून बघायची.

हे मला नगरमध्ये केडगावच्या एका गॅरेजात उस्तादांनी शिकवलं. नगरचं आता अहिल्यानगर झालं, उस्तादही राहिले नाहीत, पण त्यांची एक शिस्त माझ्या हातात आहे. ते पाना हातात घेऊ द्यायचे नाहीत. आधी तोंडानं सांगायचं: काय बिघडलंय, कशावरून, आणि दुसरं काय असू शकतं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर गाडीला हात लावायचा नाही. मग गिअरबॉक्स उतरला की ते बोलावून दाखवायचे. प्लेटचं फेसिंग रिव्हेटपर्यंत गेलेलं, फ्लायव्हीलवर निळे डाग पडलेले, नाहीतर क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपून सगळं चिकट झालेलं. बाहेर जे ऐकलं, त्याचं आत काय होतं, हे डोळ्यांनी बघायचं.

याला शास्त्रात नाव आहे, हे मला पुढं कळलं. नेवाशात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांची मारुती ८०० माझ्याकडे असते. एकदा गाडी स्लिप होते म्हणून घेऊन आले. मी सपाटीला हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडायला पाहिजे. पडलं नाही, गुरगुरत राहिलं. सर बाजूला उभे होते. म्हणाले, "तू आत्ता अनुमान केलंस." मग स्टुलावर बसून त्यांनी मला अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहातला धूर आणि अग्नी समजावला. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथं अग्नी आहे हे आपण ओळखतो. कशाच्या बळावर? स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी दोन्ही एकत्र पाहिलेले असतात म्हणून. आणि जिथं अग्नी नाही, पाण्याच्या डोहात म्हणा, तिथं धूर नसतो हेही पाहिलेलं असतं म्हणून. दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या या सोबतीला व्याप्ती म्हणतात. ती नसेल तर डोंगराकडे बोट दाखवण्याचा अधिकार कुणाला नाही.

मी सरांना म्हणालो, पेडल दाबलं की आवाज, सोडलं की नाही, हे तेच झालं. ते म्हणाले, "तेच. अन्वय आणि व्यतिरेक. तू रोज करतोस."

मग त्यांनी उपाधी सांगितली, आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटली. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. ती मधली अट नजरेतून सुटली की अनुमान फसतं. क्लचमध्ये ही चूक सर्रास होते. गाडी स्लिप होते, म्हणजे प्लेट गेली, असं बरेच मिस्तरी धरून चालतात. पण केबल फार ताणून बसवलेली असेल, पेडलला वर जी दीड-दोन सेंटीमीटर मोकळी चाल असावी लागते ती उरलेलीच नसेल, तर प्रेशर प्लेट पुरती दाबत नाही आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते. तिथं गिअरबॉक्स उतरवायचं कारण नाही. केबलच्या टोकाचा नट फिरवला की काम होतं. गाडी उचलत नाही आणि करपल्याचा वास येतो, यावरून क्लच म्हणावं, तर अडकलेल्या ब्रेकचाही वास तसाच येतो. तिथं वास सोडून द्यायचा आणि चाकाचा ड्रम तापलाय का ते बघायचं. ब्रेक अडकला असेल तर इंजिन दबतं, त्याचा आवाज मोकळा चढत नाही.

आता शनीकडे येतो. साडेसाती म्हणजे शनी जन्मराशीच्या आधीच्या राशीत, जन्मराशीत आणि पुढच्या राशीत असतो ती साडेसात वर्षं. म्हणजे कधीही बघा, बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. आत्ता, या क्षणी, ढोबळमानानं चौथा हिस्सा माणसं साडेसातीत आहेत. कुणाचा अपघात झाला, कुणाचा क्लच जळला, कुणाचा कांदा सडला, तर त्यांतल्या चौथ्या हिश्श्याला ज्योतिषी साडेसाती दाखवू शकेल. पण उरलेल्या तीन हिश्श्यांचं काय? त्यांचेही क्लच त्याच रांगेत जळतात. आणि साडेसातीत ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय, ते तर विचारायला येतच नाहीत. पेडल दाबल्यावरही आवाज आणि सोडल्यावरही तोच आवाज असेल, तर उस्ताद म्हणायचे, हा आवाज क्लचचा नाही, दुसरीकडे शोध.

हे मी सगळ्यांना सांगत नाही. तेल वाहायला आलेल्या माणसाच्या श्रद्धेला मी हात घालत नाही. पण एका बाईंच्या बाबतीत मला गप्प बसणं जमलं नाही.

शेवगावकडच्या त्या बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांचे यजमान गेले. यजमानांनी जुनी मारुती ८०० घेतली होती आणि घेताना बोलले होते की शिंगणापूरला जाऊन तेल वाहीन. ते राहून गेलं. मकर रास, साडेसाती चालू. भावकीतल्या लोकांनी दहाव्यालाच हिशोब जुळवून दिला: नवस फेडला नाही, म्हणून हे झालं. आणि नवसाची आठवण ठेवणं हे बाईंचं काम होतं, असंही कुणीतरी जोडलं. गाडी पत्र्याखाली तशीच उभी राहिली, तिच्यावरून पावसाळा गेला. पुढं शाळा सुरू झाल्या, बाईंनी गाडी काढायला घेतली, तर इंजिन सुरू होतं पण गिअर एकही पडेना. सासूबाई म्हणाल्या, अजून कोप संपलेला नाही.

गाडी ओढून माझ्याकडे आणली. बाई बोलायला तयार नव्हत्या, तरी एवढं सगळं त्यांनी मला सांगितलं, कारण गाडीत खरंच काही आहे का याची त्यांना धास्ती होती. मी इंजिन बंद करून गिअर टाकले, सगळे पडले. केबल शाबूत होती, फोर्क पुरा हलत होता. म्हणजे दाब पोचत होता आणि तरी प्लेट सुटत नव्हती. उभ्या गाडीत दमट हवेनं प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. कधीकधी मोकळ्या रस्त्यावर क्लच दाबून झटका देऊन ती सोडवता येते. पण त्या गाडीची प्लेट जुनी होती, त्यांना रोज गाडी लागणार होती, म्हणून मी गिअरबॉक्स उतरवायचं सांगितलं आणि म्हणालो, "ताई, उघडल्यावर या. बघायला या."

त्या आल्या. फ्लायव्हीलवर प्लेटच्या मापाचा गंजाचा गोल वळ उमटलेला होता. मी त्यांना बोट फिरवून बघायला सांगितलं. बोटाला तांबूस भुकटी लागली. बराच वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दादा, हे दिसलं. त्यांचं कुठं उघडून बघू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं कारण त्यांच्याकडे होतंच. त्या ते विचारत नव्हत्या. करोना सगळ्यांना झाला, मग माझाच माणूस का, हे त्या विचारत होत्या. त्या कारणाला झाकण आहे की नाही, हेसुद्धा आपल्याला माहीत नाही.

सरांशी मी यावर खूप बोललो. त्यांनी मला आधी उदयनाचार्यांचं न्यायकुसुमांजली सांगितलं. नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांना, ईश्वर अनुमानानं सिद्ध करायचा होता. घडा आहे म्हणजे कुंभार आहे. जग हेही केलेलं आहे, म्हणजे त्याचा कर्ता आहे. मी म्हणालो, "सर, कुंभार घडा करताना आपण पाहिलाय. जग होताना कुणी पाहिलंय? इथं स्वयंपाकघर कुठलं?" सर खूश झाले. म्हणाले, हा आक्षेप जुना आहे, आणि देव न मानणाऱ्यांचाच आहे असं समजू नकोस. स्वतः रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात म्हटलंय की ईश्वर अनुमानानं सिद्ध होत नाही. एवढा मोठा भक्त म्हणतो की या वाटेनं तिथं पोचता येत नाही. ते ऐकून माझ्या मनावरचं ओझं उतरलं. देव आहे हे मला कुणाला सिद्ध करून दाखवायचं नाही, आणि माझ्या भक्तीचं त्यात काही उणं होत नाही.

पण रामानुजांनी शब्दप्रमाण ठेवलं. श्रुती सांगते म्हणून ईश्वर कळतो. सरही तेच म्हणाले. सगळंच पाहून थोडंच कळतं? तू उस्तादांचा शब्द मानलास की नाही? मानला, खरंय. बेअरिंगचा आवाज कसा असतो हे मी आधी त्यांच्या शब्दावरच धरलं. पण उस्ताद आत गेलेले होते. आणि त्यांचा शब्द मी पुढं प्रत्येक गिअरबॉक्समध्ये ताडून पाहिला. ज्याचा शब्द प्रमाण मानायचा तो आप्त. आप्त कुणाला म्हणायचं याची व्याख्या सरांनीच सांगितली होती: जे जसं आहे तसं ज्यानं जाणलंय आणि जो तसंच सांगतो, तो. दहाव्याला बसलेल्या भावकीनं काय जाणलं होतं? शनीच्या मनात ते कधी डोकावले होते? श्रुतीच्या शब्दावर विश्वास ठेवणं वेगळं, आणि श्रुतीच्या आडून एखाद्या बाईला तुझ्यामुळं तुझा नवरा गेला असं सांगणं वेगळं. अमृतानुभवात ज्ञानदेव शिवाचं आणि कृष्णाचं वचन आपल्या मताला जोडतात आणि लगेच बजावतात, की त्यांनी सांगितलं एवढ्यासाठी आपण हे मानत नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी ते तसंच असतं. प्रत्यक्ष देवाच्या शब्दाबद्दल जो माणूस एवढा चोख आहे, त्याच्या तालुक्यात भावकीच्या शब्दाला वेदवाक्य मानायचं, हे मला सहन होत नाही.

पूर्वजन्मीचं पाप म्हणणाऱ्यांचंही हेच. कर्माचं फळ असतं हे मी नाकारत नाही. मी वारकरी आहे, तो विचार माझ्या रक्तात आहे. पण फळ बघून कर्म कुठलं ते सांगणं, हे उलट्या दिशेनं जाणं आहे. स्लिप बघून प्लेट गेली म्हणणाऱ्या मिस्तऱ्यापेक्षाही ते वाईट, कारण तो निदान शेवटी उघडतो तरी, आणि चुकला असेल तर उघडा पडतो. दुसऱ्याचा पूर्वजन्म सांगणारा कधीच उघडा पडत नाही. पडायची भीती नाही म्हणून तो इतक्या खात्रीनं बोलतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं आहेत: अमानित्व, अदंभित्व, अहिंसा, क्षांती, आर्जव. मी कितीतरी वर्षं ती यादीसारखी वाचत होतो, कोण ज्ञानी आणि कोण नाही हे ओळखायची खूण म्हणून. आता तसं वाचता येत नाही. ज्याच्यात दंभ नाही तो आपलं चांगलं झाकून ठेवणार. म्हणजे ज्ञान जेवढं खरं तेवढी त्याची खूण कमी दिसणार. मग बाहेरून दुसऱ्याचं ज्ञान किंवा दुसऱ्याची भक्ती मोजायची कशी? मला वाटतं, ती लक्षणं ज्यानं त्यानं स्वतःला लावायची आहेत. स्वतःच्या आत तरी माणसाला थोडंफार जाता येतं. त्या बाईंची भक्ती कमी पडली असं म्हणणाऱ्यानं त्यांच्या आत जायची वाट कुठून काढली?

एक अडचण उरते आणि ती मला टाळायची नाही. माझे वडील एकदा वारीत आजारी पडून वाचले. ते मरेपर्यंत म्हणायचे, पांडुरंगानं तारलं. मग तेही चुकीचं अनुमान का? वाचणं ही खूण आणि पांडुरंग हे कारण, असं मांडलं तर त्यालाही स्वयंपाकघर नाही. मी यावर बराच विचार केला. वडील काही सिद्ध करत नव्हते. ते हात जोडत होते. त्यांचे आभार कुणावर आळ घेत नव्हते. पण तेच वाक्य, ज्याचा माणूस वाचला नाही त्याच्यासमोर म्हटलं, की ते ताबडतोब अनुमान होतं. ऐकणारा स्वतःशी पुढचं वाक्य जोडतो, मग माझ्या माणसाला का नाही तारलं. वडिलांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण दुःखाच्या घरी भेटायला गेले की पांडुरंगानं तारल्याची गोष्ट त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही. तिथं ते नुसते बसायचे, आणि उठताना भाकरी कुणाकडून येणार आहे ते विचारायचे.

नवी प्लेट बसली की थोडी चालल्यावर केबल पुन्हा बघावी लागते. त्यासाठी त्या बाई आल्या. या वेळी मुलगी सोबत होती. मी पेडलची चाल मोजून नट अर्धा फेरा सैल केला. निघताना त्यांनी विचारलं, "दादा, नवस फेडू का नको? सासूबाई रोज म्हणतात."

मी म्हणालो, "ताई, मला बाहेरून आतलं सांगता येतं, कारण मी आत पाहिलेलं असतं. ज्यांनी तुम्हाला कोपाचं सांगितलं, त्यांनी आत पाहिलेलं नाही. त्यांना माहीत नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. मलाही माहीत नाही. साहेब तेल वाहीन म्हणाले होते, तो त्यांचा शब्द होता. त्यांच्या शब्दासाठी तुम्हाला जावंसं वाटत असेल तर जा, मुलीलाही न्या. दंड भरायला म्हणून जाऊ नका."

मुलीनं आईकडे बघितलं आणि विचारलं, "बाबांनी असं कधी म्हटलं होतं?" बाई तिला सांगू लागल्या. गाडी घेतली तो दिवस, नगरहून येताना कोण कुठं बसलं होतं, बाबांनी इमामपूरच्या घाटात गाडी कशी मुद्दाम हळू चालवली होती.